राजपदाचे व्याकरण : हातशेप्सुतच्या कोरीव लेखांचा विचार

प्राचीन ईजिप्तमधील राजस्त्रियांच्या प्रभावाची चर्चा बहुधा चित्रे आणि पुतळे यांच्या आधाराने केली जाते. लेखांच्या भाषेकडे त्या मानाने दुर्लक्ष होते. अठराव्या राजवंशातील हातशेप्सुत (इ. स. पू. सुमारे १४७९ ते १४५८) हिच्याविषयीचा एक रूढ गैरसमज या दुर्लक्षातूनच निर्माण झाला आहे. कृत्रिम दाढी आणि राजाचे आखूड कटिवस्त्र धारण केलेली तिची शिल्पे पाहून, तिने पुरुषाचे सोंग घेऊन राज्य बळकावले, असा निष्कर्ष पुष्कळ ग्रंथांतून काढलेला आढळतो. तिच्या लेखांचे व्याकरण या निष्कर्षाला दुजोरा देत नाही.

मराठीत ‘राणी’ हा शब्द राजाची पत्नी आणि स्वतः राज्य करणारी स्त्री या दोन्ही अर्थांनी चालतो. ईजिप्ती भाषेतील पदव्या निराळ्या आहेत. ‘हेमेत-नेसूत’ म्हणजे राजपत्नी, ‘मूत-नेसूत’ म्हणजे राजमाता, ‘सात-नेसूत’ म्हणजे राजकन्या. ही सर्व पदे नातेवाचक असून त्यांचा आधार राजा हाच आहे. त्यांचे सरसकट ‘राणी’ असे भाषांतर केले की हा आधारच दृष्टीआड होतो. नात्यातून येणारी सत्ता अर्थातच लहान नव्हती. अहमोस राजाने कर्नाक येथील शिलालेखात आपली माता अहहोतेप हिने सैनिकांची काळजी वाहिली व बंडखोरांना आवरले, असा गौरव केला आहे. तथापि, खरे स्थित्यंतर घडले ते ‘हेमेत-नेचेर’, म्हणजे देवपत्नी, या पदाने. अहमोस-नेफेर्तारी हिच्यासाठी अमूनच्या देवपत्नीपदाला मालमत्ता आणि वारसाहक्क जोडून देण्यात आला. नाते येथेही आहेच. परंतु ते राजाशी नसून देवाशी आहे. हातशेप्सुतने राज्यारोहणापूर्वी हेच पद भूषविले होते आणि पुढे ते तिची कन्या नेफेरुरे हिच्याकडे गेले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेऊन तिची राजनामे वाचावयास हवीत. पुरुष राजा ‘सा-रे’, म्हणजे रे देवाचा पुत्र. हातशेप्सुत ‘सात-रे’, म्हणजे कन्या. तो ‘नेचेर नेफेर’, ती ‘नेचेरेत नेफेरेत’. ‘उसेरेत-काउ’, ‘वाजेत-रेनपुत’ आणि ‘नेचेरेत-खाउ’ या तिच्या तीन अधिकृत राजनामांत स्त्रीवाचक ‘त’ प्रत्यय स्पष्ट आहे. ‘नेसूत-बिती’ हे मुख्य बिरुद तिने न बदलता स्वीकारले, आणि काही लेखांत पुल्लिंगी सर्वनामेही येतात, हे खरे. तेव्हा प्रत्येक रूप हेतुपुरस्सर योजिले होते असे म्हणता येणार नाही. परंतु राजनामांची रचना राज्यारोहणाच्या वेळी विचारपूर्वक होत असे; तेथील प्रत्यय लेखनिकाच्या अनवधानाचा मानता येत नाही.

देर एल्-बहरी येथील मंदिरातील दिव्यजन्माची चित्रमालिका या दृष्टीने सर्वांत बोलकी आहे. अमून हा पहिल्या थुतमोसचे रूप घेऊन अहमोस राणीकडे येतो. पुढे ख्नूम देव कुंभाराच्या चाकावर बालक आणि त्याचा ‘का’ घडवितो. चित्रात दोन्ही आकृती मुलग्यांच्या आहेत, तर सोबतच्या लेखातील सर्वनामे स्त्रीलिंगी आहेत. याला विसंगती म्हणणे सोपे आहे. वस्तुतः चित्र राजपदाचे आहे आणि वाक्य व्यक्तीविषयी आहे. राजपदाची आकृती परंपरेने ठरलेली होती. पण ज्या हक्काने ती व्यक्ती त्या पदावर आली तो अमूनच्या कन्येचा हक्क होता. कन्यात्व लपविले असते तर हक्कच नाहीसा झाला असता. मंदिरातील भाषा काही लपवीत नाही, ती हक्क सिद्ध करते.

या प्रत्ययाचे पुढील भाग्यही विचारणीय आहे. तिच्या मृत्यूनंतर जवळजवळ दोन दशकांनी, तिसऱ्या थुतमोसच्या उत्तरकाळात, तिची नावे खोडून अनेक ठिकाणी पूर्वीच्या राजांची नावे कोरण्यात आली. एवढा विलंब पाहता सावत्र पुत्राच्या सूडाची कथा टिकत नाही. वारसाक्रम निर्वेध करण्याचा हेतू अधिक संभवतो. नावे गेली, पण भोवतालच्या वाक्यांतील स्त्रीलिंगी रूपे पुष्कळ ठिकाणी शिल्लक राहिली. १८२९ मध्ये शाम्पोल्यों देर एल्-बहरीस आला तेव्हा दाढीधारी राजाच्या संदर्भात नामे व क्रियापदे स्त्रीलिंगी पाहून तो चकित झाला. विस्मृत राज्यकर्तीचा मागोवा व्याकरणाने घ्यावयास लाविला, तो असा.

राजपदाची स्त्रीलिंगी घडण हातशेप्सुतनंतर दृढ झाली नाही. देवपत्नीपद मात्र पुढे अधिकच बलवान झाले. इ. स. पू. ६५६ मध्ये पहिल्या साम्तिकने आपली कन्या नितोक्रिस हिला थेबेस येथील देवपत्नीची दत्तक वारस केले आणि त्यायोगे दक्षिण ईजिप्त आपल्या सत्तेशी जोडून घेतला. राजस्त्रियांच्या राजकीय व धार्मिक प्रभावांची स्वतंत्र प्रकरणे पाडण्याची पद्धत म्हणूनच अपुरी ठरते. जी पदवी धर्माची तीच सत्तेची होती. आणि तिचा अर्थ शिल्पाच्या वेषावरून ठरविण्यापूर्वी लेखातील प्रत्यय वाचणे अगत्याचे आहे.