थाप पडल्यावर

मध्ये बारीक कंबर, दोन्ही तोंडांवर कातडं आणि दोन्ही कातडी बांधणाऱ्या दोऱ्या. डमरूचा हा घाट आपल्या चांगल्या परिचयाचा. देवगिरीच्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात ‘संगीतरत्नाकरा’त वर्णिलेला हुडुक्काही याच कुळातला. हे कूळ केरळपासून जपान, कोरिया आणि नायजेरियापर्यंत पसरलं आहे. नुसतं ऐकून त्यातलं वाद्य ओळखायचं, तर थाप पडल्यावर नाद कुठे जातो, तिकडे कान लावावा.

केरळच्या देवळांत गाभाऱ्यापाशी सोपान संगीत चालतं, तेव्हा खांद्याला अडकवलेली इडक्का साथीला असते. एक हात बारीक काठीने वाजवतो, दुसरा मधल्या दोऱ्यांवर असतो. दोऱ्या दाबल्या की कातडं ताणलं जाऊन स्वर चढतो, सैल सोडल्या की उतरतो. त्यामुळे गायकाने घेतलेली स्वरांची ओळ इडक्का त्याच्या मागोमाग घेऊ शकते. तालवाद्य गाऊ लागलं, की ती इडक्का.

नायजेरियातल्या योरुबा लोकांचं दुंदुन काखेत धरून आकड्यासारख्या वाकड्या काठीने वाजवतात. इथेही दाब दोऱ्यांवरच, पण नादाची चाल गाण्याची नसते. योरुबा भाषेत उच्च, मध्यम आणि नीच अशा स्वरांनी शब्दाचा अर्थ बदलतो आणि वादक तेच चढउतार वाजवतो. एकाच चढउतारात अनेक शब्द बसतात, म्हणून तो सुटे शब्द न वाजवता ओळखीच्या म्हणी आणि स्तुतिवचनं सबंध वाजवतो. जाणकार श्रोत्याला त्यातलं वाक्य कळतं. आपल्याला अर्थ कळला नाही, तरी बोलण्याची लय आणि हेल कानाला जाणवतात.

मला सर्वांत जास्त मोह पडतो तो जपानच्या नो नाटकातल्या जोडीचा. कोत्सुझुमी उजव्या खांद्यावर असतं. डाव्या हातात दोऱ्या, उजव्या हाताची बोटं कातड्यावर. थाप पडताक्षणी दोऱ्या आवळल्या, की ‘पोन्’ असा गोल, वर उचलला जाणारा नाद निघतो. या नादासाठी कातडं ओलसर लागतं; तो ओलावा टिकावा म्हणून वादक मधूनच कातड्यावर श्वासाची वाफ सोडतो. शेजारच्या ओत्सुझुमीची गोष्ट अगदी उलटी. त्याचं कातडं प्रयोगाआधी निखाऱ्यांवर तापवून खडखडीत कोरडं करतात. त्याचा ठोका टणक पडतो आणि मागे काही ठेवत नाही. दोन ठोक्यांमधल्या अवकाशात वादकांच्या ‘यो’, ‘हो’ अशा दीर्घ हाका येतात. त्या हाकांमुळे ती पोकळीही तालाचाच भाग होते.

कोरियाच्या जांग्गूत वाजवताना दोऱ्या दाबत नाहीत. ताण आधीच बेतलेला असतो. डावीकडे जाड कातड्याचा खर्ज, उजवीकडे बांबूच्या बारीक काठीचा तिखट आवाज. एकाच देहातून असे दोन स्वतंत्र आवाज सुटे ऐकू आले, की जांग्गू ओळखावं.

कातडं ओलं राखायचं की तापवायचं, दोरी वाजवताना दाबायची की आधीच बेतून ठेवायची, हे घाट ठरवत नाही; ते संगीत ठरवतं. गायकाला सोबत हवी तिथे हे वाद्य गातं, स्वरांवर चालणाऱ्या भाषेत ते बोलतं, आणि नाटकाला थांबण्याचं वजन हवं तिथे ते चटकन गप्पही होतं. त्या त्या समाजाने नादाकडून काय मागितलं, ते थाप पडल्यावरच्या क्षणात ऐकू येतं.