फेरमतमोजणीचा खर्च आणि लोकशाहीचा हिशेब : नवापूर मतदारसंघाच्या संदर्भात

प्रस्तावना :
विधानसभा निवडणुकीचा खर्च राज्याच्या तिजोरीतून होतो. मार्च २०२५ मध्ये मांडलेल्या महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात ४५,८९१ कोटी रुपयांची महसुली तूट अंदाजित होती. अशा ओढाताणीच्या काळात पराभूत उमेदवाराची फेरमोजणीची मागणी ही चैन वाटू लागते. हा दृष्टिकोन कितपत ग्राह्य आहे, याची चिकित्सा करणे आवश्यक ठरते.

अल्प मताधिक्याचे वास्तव :
खांडबारा हे रेल्वेस्थानकाचे व बाजाराचे गाव अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या नवापूर मतदारसंघात येते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत येथील निकाल अवघ्या १,१२१ मतांनी लागला. त्याच निवडणुकीत साकोलीत २०८, तर मालेगाव मध्यमध्ये १६२ मतांचा फरक होता. त्याच वर्षी मुंबई उत्तर-पश्चिम लोकसभा मतदारसंघाचा निकाल केवळ ४८ मतांनी ठरला. म्हणजेच फेरमोजणीचा प्रश्न अपवादात्मक राहिलेला नाही.

खर्च कोणाचा?
येथे दोन प्रक्रियांमध्ये भेद करावा लागतो. निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ६३ नुसार निकालपत्रकावर सही होण्यापूर्वी उमेदवार लेखी अर्जाद्वारे फेरमोजणी मागू शकतो. कर्मचारी, यंत्रे व बंदोबस्त जागेवरच असल्याने या टप्प्यावर तिजोरीवर पडणारा वाढीव भार नगण्य असतो. दुसरी प्रक्रिया यंत्र-पडताळणीची आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २६ एप्रिल २०२४ च्या निर्णयानुसार दुसऱ्या वा तिसऱ्या क्रमांकाचा उमेदवार पाच टक्के यंत्रांची तपासणी मागू शकतो. तिचा खर्च अर्जदाराने सोसावयाचा असून यंत्रात फेरफार आढळल्यासच तो परत मिळतो. २०२४ मध्ये हा दर एका संचास करासह ४७,२०० रुपये होता.

या दराची तुलना अनामत रकमेशी केली असता विसंगती स्पष्ट होते. राखीव मतदारसंघातील उमेदवाराची अनामत ५,००० रुपये आहे. दुर्बल घटकाला निवडणुकीत उतरता यावे म्हणूनच कायद्याने ती निम्मी ठेवली. परंतु २०२४ च्या दराने एका यंत्राविषयीची शंका फेडून घेण्यास त्याच्या नऊपटींहून अधिक रक्कम मोजावी लागत होती. ३०० केंद्रांच्या मतदारसंघात पाच टक्क्यांची, म्हणजे १५ संचांची, तपासणी त्या दराने ७,०८,००० रुपयांवर जात होती. प्रवेशदार रुंद आणि दाद मागण्याची वाट अरुंद, अशी ही रचना आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयातही हा दर जास्त असल्याचे मत व्यक्त झाले.

प्रतिवाद व पर्याय :
शुल्क नसेल तर प्रत्येक पराभूत उमेदवार अर्ज करील, हा आक्षेप निराधार नाही. मात्र त्यावरील उपाय उमेदवाराच्या ऐपतीत नसून मतांच्या फरकात शोधावा लागेल. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात अर्धा टक्का वा त्याहून कमी फरक असल्यास फेरमोजणी आपोआप होते. विस्कॉन्सिनमध्ये पाव टक्क्याहून अधिक फरक असल्यास मागणी करणाऱ्यालाच खर्च द्यावा लागतो; २०२० मध्ये तेथील दोन काउंट्यांसाठी ट्रम्प यांच्या प्रचारयंत्रणेला तीस लाख डॉलर भरावे लागले. अशी मर्यादा येथे आखल्यास साकोली व मालेगाव मध्य तीत सहज बसतील. नवापूर मात्र काठावर येईल. म्हणूनच ही मर्यादा निकालानंतर न ठरवता कायद्यात आधीच लिहिलेली असावी.

विलंबाचीही किंमत असते. हरियाणातील बुआना लाखू ग्रामपंचायतीच्या सरपंचपदाची निवडणूक नोव्हेंबर २०२२ मध्ये झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आवारात फेरमोजणी झाली आणि निकाल उलटला. मोजणीला लागला एक दिवस. तो दिवस उजाडण्यास लागली पावणेतीन वर्षे. एवढा काळ गावाचा कारभार निवडून न आलेल्या व्यक्तीच्या हाती राहिला. हा खर्च कोणत्याही अर्थसंकल्पात दिसत नाही.

निष्कर्ष :
काटकसर हे सुशासनाचे लक्षण आहे. तथापि मतमोजणीची खात्री ही काटकसरीची जागा नव्हे. अल्प फरकाच्या निकालात खर्च शासनाने आणि मोठ्या फरकात अर्जदाराने उचलावा, ही विभागणी तिजोरीलाही परवडणारी आहे. मतदान केंद्रापर्यंत पायपीट करून आलेल्या आदिवासी मतदाराच्या मताचे मोल उमेदवाराच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये, एवढी किमान अपेक्षा लोकशाहीकडून बाळगणे वावगे ठरणार नाही.