आधी वाद, मग भेट: एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’ वाचताना

सर्वधर्मसमभावावरचं व्याख्यान म्हटलं की पुढचं वाक्य आपल्याला पाठ असतं. सगळे धर्म शेवटी एकच सांगतात. टाळ्या पडतात, चहा होतो, आपण घरी जातो. शेजाऱ्याच्या धर्माबद्दल मनात जो प्रश्न घेऊन आलो होतो, तो तसाच आपल्याबरोबर परत जातो. म्हणून आज आपण जरा वेगळा मजकूर घेणार आहोत. सोळाव्या शतकातला, आपल्या पैठणचा. संत एकनाथांचा ‘हिंदू-तुर्क संवाद’.

या भारुडाची सुरुवात बघा. दोघांचं ध्येय एक आहे, भक्तीची रीत तेवढी निराळी, हे नाथ आरंभीच सांगून टाकतात. आजचा वक्ता इथे आभार मानून खाली बसला असता. नाथ इथून भांडण सुरू करतात. एकजण दुसऱ्याला काफर म्हणतो. दुसरा म्हणतो, विटाळ होईल, लांब हो. मग वाद पेटतो. देवाला हातपाय कसे असतील, असं तुर्क विचारतो. ब्रह्मदेव आणि त्याच्या मुलीच्या कथेवर बोट ठेवतो. हिंदूही गप्प बसत नाही. देव सगळीकडे आहे ना, मग पश्चिमेकडेच तोंड का करायचं, बाकीच्या दिशा काय ओस आहेत, असं तो विचारतो. आज हे ऐकताना आपण चपापतो. असं पद कुणी नव्यानं लिहिलं, तर ते गावच्या चौकात करायला परवानगी मिळेल का, ही शंका येतेच.

पण या भांडणातली एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दोघांनाही समोरच्याचं घर आतून माहीत आहे. तुर्काला पुराणं ठाऊक आहेत, हिंदूला नमाजाची दिशा ठाऊक आहे. इतकं नेमकं बोचरं बोलायला आधी शेजाऱ्याचं नीट ऐकावं लागतं. आज आपली टीका बहुतेक वेळा ऐकीव असते, आणि आपली स्तुतीही तितकीच ऐकीव असते.

दुसरी गोष्ट भाषेची. हिंदू मराठीत बोलतो, तुर्काच्या तोंडी हिंदुस्थानी वळणाची बोली आहे. संवादासाठी कुणालाच स्वतःची जीभ बदलावी लागत नाही. पैठण तेव्हा निजामशाहीच्या मुलखात होतं. दरबारी फारसी शब्दांनी भरलेली ‘अर्जदास्त’ लिहिणाऱ्या नाथांच्या कानाला ही सरमिसळ रोजचीच होती.

शेवटी दोघांचं समाधान होतं आणि ते एकमेकांना भेटतात, कडकडून. ज्यानं विटाळाच्या भीतीनं ‘लांब हो’ म्हटलं, तोच आता अंगाला अंग लावतो. आमच्या मते संवादाचं खरं उत्तर या कृतीत आहे. तत्त्वज्ञान नंतर येतं.

आता उणीवही बोलूया. समेट होतो तो कुठल्या पायरीवर? सगळं एकच आहे, या अद्वैताच्या पायरीवर. म्हणजे भांडण दोघांचं असलं तरी निकालाची भाषा बरीचशी एकाच घरातली आहे. आणि समजा, शेवटी त्यांचं पटलंच नसतं तर? तर ते भेटले असते का? याचं उत्तर पदात मिळत नाही.

ते उत्तर शोधायला आपल्याला तीनशे वर्षं पुढे, जोतीराव फुल्यांकडे जावं लागतं. त्यांच्या निधनानंतर 1891 साली ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी एक कुटुंब कल्पिलं आहे. बाई बौद्ध धर्म स्वीकारते, नवरा ख्रिस्ती होतो, मुलगी इस्लाम स्वीकारते, मुलगा सार्वजनिक सत्यधर्म. चौघांनी एका घरात प्रेमानं राहावं, कुणी कुणाचा हेवा करू नये. इथे शेवटी एकमत व्हायची अटच नाही. आणि धर्म निवडायचा हक्क घरातल्या बाईला आणि मुलीलाही आहे. नाथांच्या संवादात बोलणारे दोघेही पुरुष आहेत, हे इथे आठवतं. मात्र फुल्यांच्या घरात वाद ऐकू येत नाही. स्वयंपाकघरात काय शिजणार, सण कुठला करायचा, यावर कुणीतरी भांडलंच असतं की! एकाकडे वाद आहे, दुसऱ्याकडे मतभेदासकट एकत्र राहण्याची मुभा आहे. आपल्याला दोन्ही लागतं.

हे नुसतं पुस्तकी आहे का? भिवंडीकडे बघा. 1970 आणि 1984 साली तिथे भीषण दंगली झाल्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या काळात तिथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसं नियमित एकत्र बसू लागली, वस्तीतल्या बारीकसारीक तक्रारी समोरासमोर बोलू लागली. 1992-93 मध्ये शेजारची मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली. एकट्या समित्यांमुळेच हे झालं, असा दावा आम्ही करणार नाही. पण ओळख आधीची होती, म्हणून अफवा आली तेव्हा विचारायला माणूस होता, एवढं नक्की म्हणता येतं.

सण तोंडावर आला की शांतता समितीची बैठक होते, फोटो निघतो, आणि पुढच्या सणापर्यंत कुणी कुणाला विचारत नाही. नाथांचे ते दोघं अशा बैठकीत बसले असते तर त्यांना बोलायला वेळच मिळाला नसता. तेव्हा पुढच्या वेळी कुणी ‘सगळे धर्म एकच’ म्हणालं, की टाळी जरूर वाजवूया. पण चहाच्या वेळी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला आपला तो अडलेला प्रश्न विचारूया, आणि त्याचा प्रश्नही ऐकून घेऊया. तो थोडा बोचेल. बोचू दे.