क्रम लावताना : 'ब्लॅक मिरर'च्या तिसऱ्या सीझनचे सहा भाग

श्रोतेहो, गेल्या व्याख्यानानंतर आमच्या हातात एक चिठ्ठी आली. तिच्यात लिहिलं होतं, 'सर, तुम्ही प्रत्येक भागाबद्दल बोलता, पण कुठला चांगला आणि कुठला सुमार हे सांगायचं टाळता.' चिठ्ठी लिहिणारा बरोबर आहे. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला ही खोडच असते. दोन्ही बाजू मांडायच्या आणि घंटा झाली की खडू ठेवून निघायचं. तर आज टाळणार नाही. चार्ली ब्रुकरच्या 'ब्लॅक मिरर'चा तिसरा सीझन घेतो आणि त्याच्या सहा भागांचा क्रम लावतो, तळापासून वर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ही मालिका 2011 साली ब्रिटनच्या चॅनेल फोरवर सुरू झाली. तिसरा सीझन ऑक्टोबर 2016 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. प्रत्येक भाग ही स्वतंत्र कथा आहे, पात्रं वेगळी, जग वेगळं. त्यामुळे क्रम लावणं सोपं वाटतं, आणि तिथंच फसायला होतं. एक भयकथा आहे, एक प्रेमकथा आहे, एक पोलिसी तपास आहे. यांना मोजायचं कुठल्या मापानं? आम्ही एकच माप घेतलं आहे. कथेतलं यंत्र काढून घ्या आणि शेवटही आधीच सांगून टाका. मग हातात काय उरतं? आणि हो, आम्ही सगळ्यांचे शेवट सांगणार आहोत. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांनी खुशाल उठावं, आम्हाला राग येणार नाही.

सहावा क्रमांक 'प्लेटेस्ट'चा. कूपर नावाचा अमेरिकन तरुण लंडनमध्ये पैसे संपले म्हणून एका व्हिडिओ गेम कंपनीत चाचणीसाठी जातो. माणसाच्या मनातलीच भीती शोधून त्याच्यासमोर उभी करणारा तो खेळ. आणि मग काय, तर जाग येते, ती खोटी निघते, पुन्हा जाग येते, तीही खोटी. देकार्तनं 1641 साली हे स्वप्नाचं कोडं एका बैठकीत मांडून संपवलं होतं. स्वप्न कुठलं आणि जाग कुठली हे सांगता येत नाही, हे एकदा कळलं की तिसऱ्यांदा जागं करून नवीन काही कळत नाही. दर खेपेला आधीची भीती मात्र रद्द होत जाते. उरतं काय? आईचे न उचललेले फोन. वडील अल्झायमरनं गेले, आईशी बोलायची हिंमत होत नाही, आणि शेवटी तिचाच फोन वाजतो आणि त्यानं तो मरतो. ही गोष्ट खरी होती. लेखकानं ती कोळ्यांच्या आणि भुताटकीच्या घराखाली पुरून टाकली.

पाचवा 'शट अप अँड डान्स'. इथं आमचं बऱ्याच जणांशी भांडण आहे, कारण हा भाग पाहून माणसं हादरून जातात आणि हादरलो म्हणजे भाग थोर असं समजतात. केनी हा बुजरा पोरगा. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यातून कुणीतरी त्याचं चित्रीकरण केलंय, आणि आता अनोळखी माणसं फोनवर हुकूम सोडतायत. आपण तासभर त्याच्यासाठी जीव मुठीत धरून बसतो. शेवटी कळतं, की तो लहान मुलांची चित्रं बघत होता. आता असं बघा, हा भाग दुसऱ्यांदा पाहिला तर सुरुवातीचा एक प्रसंग अंगावर येतो. केनी हॉटेलात एका लहान मुलीचं विसरलेलं खेळणं तिला हसून परत देतो. पहिल्यांदा तो गोड वाटतो, दुसऱ्यांदा वाटत नाही. ही कारागिरी आम्ही मान्य करतो. पण कथेचा प्रश्न शिक्षेचा आहे. गुन्हेगाराला कुणीही, कसंही, कितीही छळावं का? हा प्रश्न विचारायचा तर गुन्हा आधी सांगायला हवा. इथं आपल्याला न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवलं, फाइल लपवली, आणि निकाल झाल्यावर फाइल तोंडावर फेकून विचारलं, काय, कशी वाटली तुमची दया? प्रश्न खरा सुरू होतो तिथं पोलिसांचे भोंगे वाजतात आणि भाग संपतो.

चौथा 'हेटेड इन द नेशन'. 89 मिनिटं चालतो, आणि त्यातली वीस तरी पोलिसांच्या गाडीत जातात. मधमाश्या संपत आल्यात म्हणून यांत्रिक मधमाश्या सोडल्यात, आणि समाजमाध्यमांवर ज्याच्या मृत्यूची मागणी सर्वांत जास्त होईल त्याला त्या मारतात. माश्यांची कथा आणि झुंडीची कथा यांचा सांधा नीट बसलेला नाही. तरी हा भाग आम्ही वरच्या दोहोंच्या पुढे ठेवतो तो एका प्रसंगासाठी. मेलेल्या लेखिकेला शिवी लिहिलेला केक पाठवणारी बाई प्राथमिक शाळेतली शिक्षिका निघते. केकचे पैसे तिनं एकटीनं दिलेले नसतात, वर्गणी काढलेली असते. म्हणजे द्वेषाचा तिचा वाटा किती, तर फार तर सव्वाशे-दीडशे रुपयांचा. पुढे कळतं, की खरं लक्ष्य तो शाप टाइप करणारे सगळेच होते, 3,87,036 माणसं. जबाबदारी वाटून घेतली की ती कमी होते का? लेखक उत्तर देतो, की प्रत्येकाला ती पुरी मिळते. हे उत्तर आम्हाला पटत नाही, पण ते दिलंय हे महत्त्वाचं.

तिसरा 'नोसडाइव्ह'. यावर थोडं थांबावं लागेल, कारण आज आम्ही इथं जे करतोय तेच या भागात लोक एकमेकांना करतात. प्रत्येक माणूस दुसऱ्याला पाचपैकी तारे देतो, सरासरी डोळ्यांसमोर तरंगत असते. लेसीची सरासरी 4.2, हव्या त्या वसाहतीत सवलतीनं घर मिळायला 4.5 पाहिजे. मैत्रिणीच्या लग्नात भाषण करून वर चढायला ती निघते आणि वाटेत घसरत घसरत तळाला जाते. लेसीची फजिती गमतीची आहे, पण ती लांबते. भाग उभा राहतो तो ट्रकवाल्या बाईच्या, सुझनच्या, चार वाक्यांवर. तिच्या नवऱ्याला कॅन्सर होता. तो 4.3 होता. खाट मिळाली 4.4 वाल्याला.

श्रोतेहो, आम्ही पस्तीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या. आमच्या वेळी 60 टक्क्यांना पहिला वर्ग होता. एकदा एका विद्यार्थ्याचे 58 झाले. पेपर आम्ही पुन्हा वाचला, 58च योग्य वाटले, तेवढेच ठेवले. काही वर्षांनी तो भेटला. म्हणाला, 'सर, त्या दोन मार्कांमुळे मला पुढं अर्ज करता आला नाही.' तक्रारीचा सूर नव्हता, नुसतं सांगत होता. आम्ही त्याला कान्ट शिकवला होता! ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरं काही ठेवता येतं, माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते, हे आम्ही फळ्यावर लिहून दिलं होतं. त्याला कदाचित तोच प्रश्न आला असेल. 4.3 आणि 4.4 हे ऐकलं की आम्हाला तो आठवतो.

म्हणून एक भेद सांगून ठेवतो. तारे देताना कारण द्यावं लागत नाही, नुसतं बोट लावलं की झालं. क्रम लावणाऱ्याला कारण द्यावं लागतं, आणि कारण दिलं की समोरच्याला ते खोडता येतं. आज आम्ही तुमच्या हाती ती सोय देतोय. आणि आपण कथांना क्रम लावतोय, माणसांना नाही, हेही आहेच.

आता उरले दोन. इथं सोपं नाही.

'सॅन जुनिपेरो' जवळजवळ सगळ्या याद्यांत पहिला असतो. 2017 साली त्याला दोन एमी पुरस्कार मिळाले, त्यातला एक लेखनाचा. 1987 सालचं समुद्राकाठचं गाव, नाचगाण्याची जागा, केली आणि यॉर्की नावाच्या दोन तरुणी. हळूहळू कळतं, की गाव खरं नाही. म्हाताऱ्या आणि मरणाच्या दारातल्या माणसांना आठवड्यातून पाच तास इथं येता येतं, आणि मेल्यावर हवं तर कायमचं राहता येतं. यॉर्की एकविसाव्या वर्षी अपघातात लुळी पडलेली, तिनं आयुष्य पाहिलेलंच नाही. केली म्हातारी आहे, आजारी आहे, आणि तिच्या मागे 49 वर्षांचा संसार आहे. मुलगी 39व्या वर्षी गेली, हे गाव तयार होण्याआधी. मुलीला जे मिळालं नाही ते आपण घ्यायचं नाही, म्हणून नवऱ्यानं इथं राहायला नकार दिला. केली हे सगळं यॉर्कीला ओरडून सांगते. 49 वर्षांचं ओझं काय असतं हे तुला कळणार नाही, अशा अर्थाचं ते बोलणं. पूर्ण सीझनमध्ये यापेक्षा वजनदार युक्तिवाद नाही.

आणि मग त्याला उत्तर कोण देतं? कुणीच नाही. पुढच्या काही मिनिटांत केली म्हणते, तयार आहे. पुरलं जातं तिला नवरा आणि मुलगी यांच्या शेजारी, आणि ती गाडी चालवत यॉर्कीकडे जाते, गाणं वाजतं, नावं येतात. रॉबर्ट नोझिकनं 1974 साली अनुभवयंत्राचं उदाहरण मांडलं. यंत्रात शिरून हवे ते सुख मिळणार असेल तर शिराल का? केलीचा नवरा नोझिकचं उत्तर देतो. केली आधी तेच देते, मग बदलते. का बदलते, ते लेखक गाण्याच्या आवाजात बुडवतो. तत्त्वज्ञानाच्या पेपरात आम्ही इथं लाल शाई वापरली असती.

हे आम्ही चार वर्षांपूर्वी एका व्याख्यानात ठणकावून सांगितलं होतं. त्यानंतर आमची पत्नी गेली. संसार 43 वर्षांचा. मागच्या पावसाळ्यात नातीनं हा भाग पुन्हा लावला, तेव्हा केली संध्याकाळी बाहेर बसून सूर्यास्त बघते आणि तयार आहे म्हणते, त्या ठिकाणी आम्हाला लाल शाई सुचली नाही. माणूस असे निर्णय युक्तिवाद हरल्यामुळे घेत नसावा. संध्याकाळ लांब असते म्हणून घेत असेल. तरी टीकाकार म्हणून सांगायला हवं, की हे आम्ही आमच्या पदरचं घातलं. ते कथेत नाही.

म्हणून पहिला क्रमांक 'मेन अगेन्स्ट फायर'. कुजबुज ऐकू आली. माहीत आहे, बहुतेक याद्यांत हा शेवटून पहिला-दुसरा असतो. तक्रार अशी, की गुपित पंधरा मिनिटांत कळतं. सैनिकांच्या डोक्यात 'मास' नावाचं यंत्र बसवलंय, त्यामुळे ज्यांना मारायचं ती माणसं त्यांना विद्रूप झुरळासारखी दिसतात. स्ट्राइपचं यंत्र बिघडतं आणि त्याला चेहरे दिसू लागतात. कळतं, हो. पण आमच्या मापात कळण्याला मार्क नाहीत, कळल्यानंतर काय उरतं त्याला आहेत.

नाव घेतलंय एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लष्करी इतिहासकाराच्या 1947 सालच्या पुस्तकावरून. त्याचा दावा असा, की दुसऱ्या महायुद्धात प्रत्यक्ष लढाईत फार तर चौथा हिस्सा सैनिक गोळी झाडत. त्याच्या आकड्यांच्या पायावर पुढच्या इतिहासकारांनी शंका घेतली आहे, तो भाग वेगळा. मालिकेतला मानसोपचारतज्ज्ञ आर्केट हाच धागा धरून स्ट्राइपला शांतपणे समजावतो, की माणूस माणसाला मारायला कचरतो, म्हणून हे यंत्र. लेव्हिनास म्हणतो, की समोरचा चेहराच आपल्याला मारू नकोस असं सांगतो. इथं सरकारनं चेहराच पुसला. इतकंच असतं तर भाग तिसऱ्या क्रमांकाचा झाला असता.

पण आता आमचं माप लावा. यंत्र काढून घ्या. गावकऱ्यांच्या डोक्यात 'मास' नाही. त्यांना समोर माणसंच दिसतात, बाई दिसते, तिचा मुलगा दिसतो, आणि तरीही ते त्यांना झुरळं म्हणतात, त्यांनी शिवलेलं अन्न टाकून देतात. त्यांच्यासाठी तपासण्या, नोंदवह्या आणि वर्षानुवर्षं कानावर पडलेलं बोलणं पुरेसं झालं. कथेतलं सगळ्यात भयंकर वाक्य यंत्राबद्दल नाही, यंत्राची गरज न पडलेल्यांबद्दल आहे. सैनिकाला निदान फसवावं लागलं.

आणि फसवलं तरी कसं? स्ट्राइपला त्याचंच चित्रीकरण दाखवतात. त्यानं संमती दिली होती, हसत हसत. आता निवड अशी, की आठवण पुसून घे, नाहीतर कोठडीत बसून तू मारलेली माणसं खऱ्या चेहऱ्यांनिशी पुन्हा पुन्हा बघ. शेवटच्या दृश्यात तो गणवेशात एका सुंदर घरासमोर उभा आहे. घर पडकं आहे, आत कुणी नाही. त्याच्या गालावर एक अश्रू आहे. त्याला काय दिसतंय हे आपल्याला दाखवतात, काय कळतंय हे दाखवत नाहीत. इथंही लेखकानं कारण लपवलंय असं कुणी म्हणेल, 'सॅन जुनिपेरो'ला लावलेला नियम इथं का नाही? आमचं उत्तर, की केलीचा निर्णय कथेला सोडवायचा होता. स्ट्राइपचा निर्णय कळल्यानं गावकऱ्यांचा प्रश्न तसूभर हलत नाही.

तिसऱ्या रांगेत बाईंनी मघापासून हात वर केलाय. बोला. तुमचा पहिला कोणता?