रहिवासी कोणाला म्हणायचं? मॉरिशसच्या ऑफशोअर कायद्याविषयी

मंडळी, खालापुरात बसून मॉरिशसचा १९९२ चा ऑफशोअर कायदा कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण आपल्या रत्नागिरीकडची माणसं तिथे मजुरीला गेली, त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात. आणि भारतातल्या परकी गुंतवणुकीत कित्येक वर्षं पहिला नंबर याच चिमुकल्या बेटाचा होता.

कायदा असा होता, की ऑफशोअर कंपनी मॉरिशसमध्ये नोंदवायची, पण तिने धंदा करायचा बाहेरच्यांशी; तिथल्या रहिवाशांशी नाही, तिथल्या रुपयात नाही. आता शेजारी १९८२ चा भारत-मॉरिशस करार ठेवून बघा. भारतीय शेअर विकून झालेल्या नफ्यावर कर लावायचा हक्क कुणाला? विकणारा जिथला रहिवासी, त्या देशाला. आणि मॉरिशसमध्ये असा करच नव्हता! दोन्हीकडे शून्य.

माझा आक्षेप 'रहिवासी' या शब्दाला आहे. ही कंपनी घरात परकी आणि बाहेर रहिवासी. वकील म्हणतील, कायदे दोन, व्याख्या दोन. कबूल. पण दोन्ही व्याख्यांचा फायदा एकालाच कसा? १८६७ च्या कायद्याने तिथल्या जुन्या गिरमिटियाला फोटो लावलेला कागद जवळ बाळगावा लागे. तो तिथेच राबत होता, तरी संशयित. कंपनीचा कागद मात्र शंकेच्या पलीकडे.

तो पलीकडे नेला आपणच. २००० साली केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने परिपत्रक काढलं, की मॉरिशसचा रहिवासी दाखला पुरेसा. दिल्ली उच्च न्यायालयाने ते रद्द केलं; २००३ मध्ये आझादी बचाओ आंदोलनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. विकसनशील देशाला भांडवल हवं असतं, हा त्यातला एक मुद्दा. गरज मला समजते हो, पण गरज म्हणजे व्याख्या नव्हे.

१९९५ मध्ये मॉरिशस सॅडकमध्ये, म्हणजे दक्षिणेकडच्या आफ्रिकी देशांच्या गटात गेलं. उसावर जगलेल्या छोट्या देशाला शेजार हवा, यात गैर काही नाही. पण शेजाऱ्यांच्या पंगतीत बसायचं आणि त्यांचा कर चुकवायची वाट परक्यांना विकायची, हे किती दिवस चालणार? झांबिया त्याच गटातला. २०२० मध्ये त्याने मॉरिशसशी असलेला कर-करार मोडला.

आपण २०१६ मध्ये नुसती दुरुस्ती केली. १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर भारत कर लावू शकतो. त्याआधी घेतलेले जुन्याच सवलतीत ठेवले.