लेखक, चित्रकार आणि छापखाना

मराठी बालसाहित्याविषयी आजवर जे लिहिले-बोलले गेले आहे, त्याचा बहुतेक भाग मुलांना काय सांगावे आणि काय सांगू नये या एकाच वादात खर्ची पडला असून, ज्या पुस्तकातून ते सांगितले जाते ते पुस्तक कसे घडते, ते घडविण्याची विद्या कोणी कोणाला दिली आणि आज ती घेऊ इच्छिणाऱ्याने कोणाच्या दारी जावे, या प्रश्नांकडे आपल्या समीक्षकांनी क्वचितच वळून पाहिले आहे. संस्कार, बालमानस, कल्पनारम्यता यांवरील परिसंवादांची आपल्याकडे वाण नाही; पण ३२ पानांच्या पुस्तकात १७व्या पानावर काय असावे, या विषयावर परिसंवाद झाल्याचे ऐकिवात नाही. वास्तविक लहान मुलाचे पुस्तक लेखक, चित्रकार आणि छापखाना या तिघांच्या कसबातून निपजते, आणि जेथे जेथे हे तिघे एका छपराखाली आले, तेथेच ही विद्या एका पिढीकडून दुसरीकडे गेली, असे तिच्या इतिहासाकडे पाहता वाटू लागते.

बंगालचा दाखला या बाबतीत अव्वल म्हणावा असा आहे. उपेंद्रकिशोर रायचौधुरी हे मुलांसाठी लिहीत, चित्रे काढीत आणि हाफटोन ब्लॉकच्या तंत्रात स्वतः संशोधनही करीत. १९१३ साली त्यांनी 'संदेश' हे मासिक काढले ते स्वतःच्या छापखान्याच्या बळावर. त्यांचे चिरंजीव सुकुमार राय, ज्यांच्या विक्षिप्त पद्यांनी बंगाली बालकांच्या कित्येक पिढ्यांना हसविले, ते विलायतेस गेले ते काव्यशास्त्राच्या अध्ययनासाठी नसून छपाई आणि ब्लॉककामाच्या अध्ययनासाठी, ही गोष्ट आपल्या साहित्यिकांनी थोडी मनावर घ्यावी अशी आहे. पुढे सत्यजित राय यांनी १९६१ मध्ये हे मासिक पुनरुज्जीवित केले, तेव्हा मजकूर आणि चित्र या दोहोंवर त्यांचा जो सारखा अधिकार दिसला, तो कोणत्याही कलाशाळेच्या सनदेने मिळालेला नव्हता; तो घराण्याचा वारसा होता आणि त्या घराण्यात शाईचा वास होता.

दुसरा दाखला लेनिनग्राडचा. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथील सरकारी प्रकाशनगृहाच्या बालविभागात कवी सामुइल मार्शाक आणि चित्रकार व्लादिमिर लेबेदेव यांची जोडी जमली, आणि त्या दप्तराला कार्यशाळेचे रूप आले. मार्शाक यांनी नाविक, निसर्गज्ञ, शास्त्रज्ञ अशा नाना व्यवसायांच्या माणसांना मुलांसाठी लिहिते केले, आणि लेबेदेव यांनी चारुशिन, वास्नेत्सोव, पाखोमोव यांसारख्या तरुण चित्रकारांना हाताशी धरून, शिळाछपाईच्या दगडावर स्वतःच्या हाताने चित्र उमटविण्याचा आग्रह धरला. कारण छापून काय उतरते हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या रेषेवर त्यांचा विश्वास नसे. १९३७ च्या दमनचक्रात ही संपादकीय मंडळी विखुरली गेली. तरीही त्या शाळेतून उगम पावलेली परंपरा मराठी मुलांपर्यंत पोहोचली, कारण मॉस्कोत छापलेली स्वस्त, रंगीत, मराठीत अनुवादित पुस्तके पुढे आपल्याकडे मिळू लागली, आणि आज चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या अनेक मराठी वाचकांनी आपले पहिले उत्तम चित्रपुस्तक पाहिले ते सोविएत होते. ज्यांनी ती पुस्तके नुसती वाचली नाहीत, तर पुन्हा पुन्हा न्याहाळली, त्यांना चित्र आणि मजकूर यांचा संबंध कसा असतो याचा पहिला पाठ बसल्या जागी मिळाला. परंतु पुस्तकाकडून मिळालेली तालीम मुकी असते. कोणता प्रयत्न का फसला आणि कोणते चित्र का टाकून दिले, हे तयार पुस्तक कधी सांगत नाही.

आपल्याकडे शिकविणाऱ्याची जागा प्रथम मासिकांच्या संपादकांनी घेतली. वासुदेव गोविंद आपटे यांनी १९०६ साली 'आनंद' सुरू केले, भा. रा. भागवतांनी १९५१ मध्ये 'बालमित्र' काढले, आणि या दोन टोकांच्या दरम्यान व नंतरही अनेक लेखकांना मुलांसाठी वाक्य कसे लिहावे याचे धडे मिळाले ते संपादकांच्या लाल शाईतून. ही तालीम खरी होती, तथापि ती शब्दांपुरतीच होती. लेखकाचा मसुदा संपादकाकडे जाई, तेथून चित्रकाराकडे जाई, चित्राचा ब्लॉक होई आणि तो मजकुराच्या मधोमध बसविला जाई. लेखक आणि चित्रकार यांची गाठ पडावी अशी तजवीज या व्यवस्थेत बहुधा नसेच. राम वाईरकरांच्या रेषेने भागवतांच्या फास्टर फेणेला जे चेहरामोहऱ्याचे स्थैर्य दिले, ते पाहिले म्हणजे या विभक्त व्यवस्थेतही किती मोठे काम होऊ शकले याचे आश्चर्य वाटते. पण त्याचे श्रेय त्या चित्रकाराला आहे, व्यवस्थेला नाही.

१९६७ मध्ये पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे सर्वतोमुखी झालेली 'बालभारती', स्थापन झाली आणि १९७१ पासून तिचे 'किशोर' मासिक निघू लागले. मुलांसाठी चित्रे काढण्याचे काम महाराष्ट्रात एवढ्या मोठ्या प्रमाणावर आणि एवढ्या सातत्याने दुसऱ्या कोणी दिलेले नाही, आणि ज्यांचा हात या कामावर बसला अशा चित्रकारांची यादी लांबलचक होईल. पाठ्यपुस्तकाच्या चित्राला मात्र समितीची मंजुरी लागते. चित्र धड्याशी जुळावे, त्याने धड्याला उलटून उत्तर देऊ नये, ही अट तेथे योग्यच असते. पण चित्रपुस्तकाचे मर्म नेमके या उलटून बोलण्यातच असते. मजकूर म्हणतो की गंपू शहाण्यासारखा झोपला, आणि चित्रात गंपू पलंगाखाली टॉर्च घेऊन बसलेला असतो; या दोहोंच्या फटीत वाचणारे मूल शिरते आणि हसते. पाठ्यपुस्तकात ही फट ठेवता येत नाही.

दिल्लीतील संस्थांचा उल्लेख थोडक्यात करावा लागेल. शंकर पिल्ले यांचा चिल्ड्रेन्स बुक ट्रस्ट आणि सरकारी नॅशनल बुक ट्रस्ट हे दोन्ही १९५७ चे. नेहरू बाल पुस्तकालय ही माला १९६९ ची. लेखक व चित्रकार यांची संयुक्त संघटना शंकर यांनीच १९८१ मध्ये उभी केली. आणि राष्ट्रीय बालसाहित्य केंद्र १९९३ मध्ये आले. यांच्या स्पर्धांनी आणि कार्यशिबिरांनी प्रादेशिक भाषांतील लेखकांना एकत्र आणले, यात शंका नाही. परंतु शिबिर या प्रकाराचाच एक साचा देशभर पडून गेला आहे: उद्घाटन, बीजभाषण, ज्येष्ठांची मनोगते, दुपारी गटचर्चा, आणि अखेरीस प्रमाणपत्रवाटप. लेखक एका दालनात आणि चित्रकार दुसऱ्या दालनात. छापखान्याचा माणूस कोठेच नाही. अशा शिबिरातून मनुष्य उत्साहित होऊन परततो, पण कोऱ्या कागदापुढे बसल्यावर तो उत्साह त्याला काहीच सुचवीत नाही.

मग शिकविण्यासारखे असते तरी काय, असे कोणी विचारील. एक उदाहरण घेतो, आणि ते मुद्दाम मराठीपुरतेच घेतो. नुकत्याच वाचू लागलेल्या मुलासाठी जोडाक्षरविरहित मजकूर लिहावा, असा आपल्याकडे जुना शिरस्ता आहे. परंतु मराठीत कित्येक नामे सामान्यरूपात गेली, की जोडाक्षर दारात उभेच राहते. डबा सोपा, पण डब्यात अवघड. आंबा सोपा, पण आंब्यावर अवघड. तो सोपा, पण त्याला नव्हे. या अडचणीपुढे हात टेकलेला लेखक मग 'बबन बस', 'कमल बघ' अशी निर्जीव आज्ञार्थी वाक्ये रचू लागतो आणि मुलाला वाचनाचा वीट आणतो. जाणता शिक्षक त्याला दोन वाटा दाखवील. पहिली वाट लेखकाची: लाडू डब्यात न ठेवता फडताळात ठेवावा, चिमणीला आंब्यावरून उठवून चिंचेवर बसवावे, झाड, घर, नदी, आई ही नामे विभक्ती लागली तरी सोपीच राहतात, तेव्हा कथा त्यांच्या आश्रयाने चालवावी. दुसरी वाट चित्रकाराची: टोपी 'त्याच्या डोक्यावर' आहे असे लिहू गेल्यास दोन शब्दांत तीन जोडाक्षरे येतात, पण ती टोपी चित्रात दाखविली की मजकुरात केवळ 'टोपी उडाली' एवढे पुरते. भाषेने जे नाकारले ते चित्राने अशा रीतीने मंजूर करून घेतले, म्हणजे लेखक आणि चित्रकार एका मेजाशी का बसले पाहिजेत याचे उत्तर व्याख्यानावाचून मिळते.

दुसरा पाठ कागदाचा. आठ ताव घेऊन, एकात एक घालून मधोमध दुमडले की ३२ पानांची डमी तयार होते. छापखान्याचा १६ पानांचा फॉर्मा धरून चालल्यामुळे पुस्तक २७ किंवा ३५ पानांचे होत नाही, हे येथे पहिल्याप्रथम उमगते. शीर्षक, प्रकाशनाचा तपशील वगैरे वजा जाता हाती उरतात ती १२ ते १४ जोडपाने. आता कथा या जोडपानांवर वाटावयाची असते, आणि वाटताना ध्यानात येते की उजव्या पानाच्या अखेरीस मुलाचा हात कागदाच्या कोपऱ्याकडे जातो. तो जावा असे काहीतरी तेथे असले पाहिजे. दार किलकिले झाले ते उजव्या पानावर, आणि आत कोण होते ते पान उलटल्यावर. ज्या लेखकाने हे एकदा हाताने करून पाहिले, तो आपल्या मसुद्यातील अर्धी वर्णने स्वतःच छाटतो. देवनागरीची आणखी एक कुरकुर येथेच निकालात निघते: शिरोरेषेच्या वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे आपल्या ओळींना उंची अधिक लागते, आणि चित्रकाराने आभाळाचा मोकळा तुकडा आधीच राखून ठेवला नाही, तर अक्षरे झाडाच्या फांद्यांत अडकतात.

असे शिक्षण जगात दिले जात नाही, असे नाही. उरी शुलेवित्झ या चित्रकार-लेखकाने आपल्या अध्यापनाचे सार १९८५ मध्ये एका ग्रंथात मांडले, आणि सचित्र गोष्ट व चित्रपुस्तक यांतील भेद इतक्या स्वच्छपणे समजावला, की तो ग्रंथ आजही अभ्यासकांच्या हाती दिसतो. केंब्रिजच्या कलाशाळेत मार्टिन सॉल्झबरी यांनी २००० मध्ये केवळ बालपुस्तकांच्या चित्रकलेचा पदव्युत्तर अभ्यासक्रम उभारला. आपल्या शेजारी भोपाळमध्ये एकतारा या संस्थेने टाटा ट्रस्टच्या 'पराग' उपक्रमाच्या साह्याने 'रियाज' ही शाळा सुरू केली, ही हिंदीच्या दृष्टीने मोठी घटना होय. पण तिच्याही दारावर पाटी चित्रकारांचीच आहे. चेन्नईच्या तारा बुक्सने हाताने स्क्रीन-छपाई करणारे कारागीर जोडीला घेऊन गोंड चित्रकारांसमवेत जे केले, ते मला या सर्वांत अधिक मोलाचे वाटते. याच संस्थेने रमेश हेंगाडी आणि शांताराम धाडपे या वारली चित्रकारांना घेऊन क्रियापदांचे एक चित्रपुस्तक काढले. वारली चित्रकला आपल्या उंबऱ्यावरची. तिचे असे पुस्तक करण्याची बुद्धी मात्र मद्रासेस व्हावी, याची खंत पुण्या-मुंबईच्या प्रकाशकांना वाटल्याचे दिसत नाही.

मराठीत या विद्येचा सर्वांत संपन्न नमुना माधुरी पुरंदरे यांच्या कामात सापडतो, याविषयी दुमत नसावे. जे. जे. मध्ये आणि पुढे पॅरिसला घेतलेले कलाशिक्षण, फ्रेंच वाङ्मयाशी परिचय आणि मराठी बोलीचा निर्दोष कान यांच्या संयोगातून 'राधाचं घर'सारखी पुस्तके आली. 'वाचू आनंदे' आणि 'लिहावे नेटके' यांनी तर शिक्षकांना आणि पालकांना चित्र कसे वाचावे हेही शिकविले. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ मध्ये बिग लिटल बुक अवॉर्ड यांनी त्यांचा गौरव झाला तो यथार्थच होय. परंतु एकाच व्यक्तीच्या ठायी लेखक आणि चित्रकार नांदत असले, म्हणजे त्या दोघांतील वाटाघाटी त्या व्यक्तीच्या मनातच होतात आणि बाहेरच्याला दिसत नाहीत. त्यांच्या पुस्तकांपासून शिकणाऱ्याने म्हणून एक व्यायाम करावा: एखाद्या जोडपानावरील मजकूर झाकून चित्र वाचावे, मग चित्र झाकून मजकूर वाचावा, आणि दोहोंत काय काय वगळले आहे त्याची यादी करावी.

अलीकडे मुक्त परवान्याच्या मंचांमुळे मराठी बालपुस्तकांची संख्या झपाट्याने वाढली. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये स्टोरीवीव्हर सुरू केल्यापासून एकच चित्रमाला अनेक भाषांतून फिरू लागली, आणि नव्या अनुवादकांना हात चालविण्यास भरपूर वाव मिळाला. या सोयीचा लाभ मोठा आहे. ज्या खेड्यात पुस्तक पोहोचत नाही, तेथे हे पोहोचते. मात्र दुसऱ्या भाषेसाठी आखलेल्या चौकटीत मराठी मजकूर ओतण्याची सवय लागलेल्या लेखकाला चौकट स्वतः आखण्याची विद्या येत नाही, आणि नव्या लेखकांपैकी अनेकांची उमेदवारी येथेच चालली आहे.

मोबदल्याचा प्रश्न टाळून ही चर्चा पुरी करता येणार नाही. लेखकाला मानधन किंवा विक्रीवरील हिस्सा, आणि चित्रकाराला बहुधा एकरकमी मेहनताना, ही आपली रूढ पद्धत आहे. ज्याचा पुस्तकाच्या पुढील आवृत्तीशी आर्थिक संबंधच उरत नाही, त्याने लेखकासह महिनाभर डमीवर डोके खपवावे, अशी अपेक्षा करण्यास तोंड कसे उघडावे? म्हणून कोणतीही कार्यशाळा भरविताना करारनाम्याचा एक तास ठेवावा, तेथे लेखक, चित्रकार आणि प्रकाशक या तिघांनी हिशेबाची वही उघडी ठेवून बसावे, असे माझे मत आहे. बीजभाषणाचा तास त्यासाठी खुशाल रद्द करावा.

आणि समीक्षकाचे काय? बालपुस्तकाच्या परीक्षणात कथेवर तीन परिच्छेद आणि शेवटी 'चित्रे सुबक आहेत' एवढे तीन शब्दांचे उपकार, हा आपला ठरलेला रिवाज. चित्रकाराचे नाव पुष्कळदा त्यात नसतेच. कोणत्या पानावर चित्राने मजकुराला अडविले, कोठे त्याने अधिक सांगितले, कोठे पान उलटणे वाया गेले, हे परीक्षणात लिहिले जाऊ लागले, तर शिकणाऱ्याला महिन्याकाठी एक पाठ घरबसल्या मिळेल. त्यासाठी परीक्षकालाही आठ ताव दुमडून एकदा डमी करून पाहावी लागेल, आणि संपादकांना परीक्षणासाठी सध्यापेक्षा थोडी अधिक जागा सोडावी लागेल.