मोठी चौकट, अरुंद खिडकी

शाळेसाठी कॅमेरा घ्यायचे ठरले की सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. अलीकडे त्यांच्या तोंडी ‘फुल फ्रेम’ हा शब्द हमखास असतो. पूर्वी जड आणि फार महाग असलेले हे कॅमेरे आता लहान आणि त्या मानाने स्वस्त झाले आहेत. तेव्हा घ्यायचा तर हाच, असा एकूण सूर असतो. स्वस्त, सुटसुटीत आणि फुल फ्रेम ही तीन विशेषणे एकाच कॅमेऱ्याला खरोखर लागू पडतात का, हे येथे तपासायचे आहे. शाळेच्या जमाखर्चात ही रक्कम लहान नसते, आणि चुकलेली खरेदी पुढे अनेक वर्षे कपाटात पडून राहते.

आधी ‘फुल’ या शब्दाकडे पाहू. जर्मनीतील लाइट्स कंपनीत ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा तयार केला. सिनेमाच्या १८ × २४ मिमी चौकटीची दुप्पट करून त्यांनी ३६ × २४ मिमी हे माप घेतले. १९२५ साली तो कॅमेरा ‘लायका’ नावाने बाजारात आला आणि पुढे हेच माप रूढ झाले. डिजिटल कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी पट्टी, एवढ्याच मापाचा असला की त्याला फुल फ्रेम म्हणतात. आपल्याकडच्या स्टुडिओवाल्यांच्या १२० च्या रोलवरील चौरस चौकट याच्या साडेतीन पटींहून मोठी होती. म्हणजे येथे ‘पूर्ण’ हा शब्द इतिहासाने दिलेला आहे, निसर्गाने नव्हे.

तरीही मोठ्या सेन्सरचा फायदा खरा आहे. उदाहरणासाठी कॅननचे दोन कॅमेरे घेऊ. २०२३ साली आलेला ‘आर-८’ फुल फ्रेम आहे, तर २०२२ चा ‘आर-१०’ लहान सेन्सरचा, म्हणजे २२.३ × १४.९ मिमीचा आहे. क्षेत्रफळे काढली तर ८६४ आणि ३३२ चौ. मिमी येतात, मोठा सेन्सर २.६ पट आहे. दोन्ही सेन्सरांच्या दर चौरस मिलिमीटरवर सारखाच प्रकाश पडला, तर मोठ्या सेन्सरला २.६ पट प्रकाशकण मिळतील. चित्रातील दाणेदारपणा प्रकाशकणांच्या संख्येच्या वर्गमुळावर अवलंबून असतो. त्यामुळे चित्र सुमारे १.६ पट स्वच्छ येईल. बॅटरी व कार्डासह आर-८ चे वजन ४६१ ग्रॅम आहे आणि आर-१० चे ४२९ ग्रॅम. अवघ्या ३२ ग्रॅममध्ये एवढा लाभ पदरात पडत असेल तर नाही कशाला म्हणायचे?

खरी गोम वरच्या ‘सारखाच प्रकाश पडला तर’ या शब्दांत आहे. प्रकाश सेन्सर आणत नाही, लेन्स आणते. ज्या छिद्रातून प्रकाश आत येतो ती कॅमेऱ्याची खिडकी होय. लेन्सवर लिहिलेला एफ-अंक म्हणजे नाभीय अंतर भागिले या छिद्राचा व्यास. आर-८ बरोबर संच म्हणून मिळणारी लेन्स २४–५० मिमीची आहे. तिचे वजन फक्त २१० ग्रॅम, म्हणून सगळा संच खरोखर सुटसुटीत होतो. पण ५० मिमीला तिचा एफ-अंक ६.३ आहे. ५० भागिले ६.३ म्हणजे सुमारे ८ मिमी. एवढ्या मोठ्या सेन्सरला खिडकी मिळाली ती शर्टाच्या छोट्या गुंडीएवढी!

आता आर-१० ला सिग्मा कंपनीची १८–५० मिमी, एफ/२.८ लेन्स लावा. लहान सेन्सरवर तेवढेच दृश्य मावण्यासाठी ३१ मिमी नाभीय अंतर लागते. ३१ भागिले २.८ म्हणजे ११ मिमी. व्यासाचा वर्ग केला की या खिडकीचे क्षेत्रफळ आधीच्या जवळजवळ दुप्पट निघते. दृश्य तेच, शटरचा वेळ तोच. मग लहान सेन्सरलाच दुप्पट प्रकाश मिळाला. मोठ्या चौकटीसाठी मोजलेले जादा पैसे अरुंद खिडकीने वाया घालवले. जाहिरातीत सेन्सरचे माप ठळक छापतात आणि एफ-अंक बारीक अक्षरांत. माझी पहिली तक्रार हीच आहे.

दुसरी तक्रार काटछाटीबद्दल आहे. कॅमेरा लहान आणि स्वस्त करताना काहीतरी काढून टाकावेच लागते. काय काढले ते पाहिले पाहिजे. आर-८ मध्ये हाताचा कंप सावरण्यासाठी सेन्सर हलवणारी यंत्रणा नाही, आणि बॅटरीही लहान आहे. सोनीच्या ‘ए-७ सी’मध्ये (२०२०, ५०९ ग्रॅम) ही यंत्रणा आहे व बॅटरी दमदार आहे, पण डोळा लावून पाहायची खिडकी छोटी आहे. निकॉनच्या ‘झेड-५’मध्ये (२०२०) कंप सावरण्याची सोय आहे, दोन कार्डेही बसतात, मात्र वजन ६७५ ग्रॅम आहे. सिग्माचा ‘एफपी’ (२०१९) आणि पॅनासॉनिकचा ‘एस-९’ (२०२४) यांत तर यांत्रिक शटरच नाही. सेन्सरच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. आपल्या वीजपुरवठ्याची वारंवारिता ५० हर्ट्‌झ असल्याने चोकवाली ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होते. शटरचा वेळ कमी ठेवला तर काही ओळी प्रखर क्षणी व काही मंद क्षणी वाचल्या जातात आणि चित्रावर आडवे पट्टे उमटतात. १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवल्यास पट्टे टळतात, पण पळणारी मुले तेवढ्या वेळात अस्पष्ट येतात. शाळेच्या सभागृहात ही अडचण किरकोळ म्हणता येणार नाही.

मग फुल फ्रेम घ्यायचा केव्हा? उत्तर कामावर अवलंबून आहे. स्नेहसंमेलन, अंधुक वर्ग, संध्याकाळचे कार्यक्रम ही मुख्य कामे असतील तर आर-८ ला संचातील लेन्सऐवजी ५० मिमी, एफ/१.८ लेन्स लावावी. तिचे वजन १६० ग्रॅम आहे आणि कॅननच्या या मालिकेत ती स्वस्तांपैकी आहे. खिडकी २८ मिमीची होते. ८ मिमीच्या तुलनेत सुमारे १२ पट प्रकाश येतो. मात्र या लेन्समध्येही कंप सावरण्याची सोय नाही, म्हणून हात टेकवून किंवा तिकाटणे वापरून काम करावे. शिवाय झूम नसल्याने आपणच पुढे-मागे व्हायचे.

वर्गाचा तीन रांगांचा फोटो काढायचा असेल तर हा फायदा उरत नाही. सगळ्या रांगा स्पष्ट येण्यासाठी छिद्र लहान करावे लागते. फुल फ्रेमवर एफ/८ आणि लहान सेन्सरवर एफ/५ ठेवले की खिडकी दोन्हीकडे ६ मिमीचीच होते. स्पष्टतेची खोलीही सारखी, प्रकाशही सारखा.

चंद्राच्या बाबतीत तर पारडे उलटे फिरते. २०० मिमी लेन्सने सेन्सरवर चंद्राची प्रतिमा १.८ मिमी व्यासाची पडते. दोन्ही कॅमेऱ्यांत सुमारे २४० लाख चित्रकण असल्याने लहान सेन्सरवरचे कण अधिक दाट असतात. चंद्राचा व्यास आर-८ वर सुमारे ३०० कणांत मावतो, आर-१० वर सुमारे ४९० कणांत. पक्षी, ग्रहणे व विवरे टिपणाऱ्या विज्ञानमंडळाने लहान सेन्सरच घ्यावा आणि वाचलेले पैसे लांब लेन्समध्ये घालावेत.

अमेरिकेत बाजारात येतानाची किंमत आर-८ ची १४९९ डॉलर आणि आर-१० ची ९७९ डॉलर होती, दोन्ही लेन्सशिवाय. हा फरक कशासाठी मोजायचा, ते कामांची यादी केल्यावरच ठरवता येते. माझ्या मते बहुतेक शाळांच्या यादीत चांगल्या लेन्सचा क्रमांक सेन्सरच्या वर लागेल.

खरेदीपूर्वी नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांकडून एक काम करून घ्यावे. प्रत्येक पर्यायाचे नाभीय अंतर व एफ-अंक त्यांना द्यावेत आणि खिडकीचा व्यास काढायला सांगावे. तेवढ्या व्यासाची वर्तुळे पुठ्ठ्यातून कापून फळ्यावर शेजारी शेजारी लावावीत. ८, ११ आणि २८ मिमीची भोके समोर दिसली की क्षेत्रफळ आणि वर्ग यांचा संबंध मुलांना कळेल, आणि खरेदी समितीलाही.